टीव्हीचे प्लॉट कोण पाडतो?

१९८० च्या दशकातल्या इटलीत ‘राय’ ही सार्वजनिक प्रसारण कंपनी एकच होती, पण तिच्या तीन वाहिन्यांवर रात्रीच्या बातम्या तीन वेगळ्या वळणांच्या लागत. पहिली वाहिनी ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाच्या वाट्याची, दुसरी समाजवाद्यांच्या आणि १९८७ पासून तिसरी कम्युनिस्टांच्या. वृत्तसंपादकाची जागा रिकामी झाली की ती कोणाच्या कोट्यातली हे सगळ्यांना ठाऊक असे. इटालियन लोकांनी या वाटणीला ‘लोत्तिझात्सिओने’ असे नाव दिले. मूळ शब्द जमिनीच्या व्यवहारातला. गावाबाहेरच्या शेतात चुन्याच्या रेघा मारायच्या, कोपऱ्याकोपऱ्यावर दगड रोवायचे, नंबर टाकायचे आणि विक्री सुरू करायची. आपण ज्याला प्लॉट पाडणे म्हणतो, तेच.

हा शब्द कळल्यापासून माध्यमांबद्दलची आपली नेहमीची चर्चा मला तोकडी वाटू लागली. ‘मीडिया विकला गेलाय’ हे वाक्य टपरीवर, गाडीत, घरच्या जेवणावर रोज ऐकू येते. ते खोटे आहे असे मी म्हणत नाही, पण त्यातून हाती काही लागत नाही. जमीन मूळ कोणाची, मोजणी कोणी केली, सातबाऱ्यावर नाव कोणाचे चढले, हे विचारल्याशिवाय जमिनीचा व्यवहार समजत नाही. माध्यमांचेही तसेच आहे. वर्तमानपत्राला, वाहिनीला पैसा कुठून येतो आणि तिथल्या खुर्चीवर माणूस कोण बसवतो, हे दोन प्रश्न धरून चार देश फिरून आले की आपल्या देशाचेही बरेच काही उलगडते.

हा अभ्यास करणाऱ्यांत डॅनियल हॅलिन हे अमेरिकन आणि पाओलो मॅन्चिनी हे इटालियन अभ्यासक सर्वांत जास्त वाचले जातात. त्यांनी २००४ मध्ये पश्चिम युरोप आणि उत्तर अमेरिकेतले १८ देश शेजारी ठेवून पाहिले. त्यांचे प्रश्न साधे होते. वर्तमानपत्रे किती लोक वाचतात आणि ती सवय कधीपासूनची? वर्तमानपत्रांची पक्षांशी, कामगार संघटनांशी, चर्चशी सोयरीक किती? पत्रकारांचे स्वतःचे नियम आहेत का, आणि ते मोडणाऱ्याला त्यांची बिरादरी जाब विचारते का? आणि सरकार या सगळ्यात कुठे उभे आहे: मालक म्हणून, पैसे पुरवणारा म्हणून, की पंच म्हणून? उत्तरांवरून त्यांनी तीन घराणी मांडली. एक भूमध्य सागराभोवतीचे, म्हणजे इटली, स्पेन, पोर्तुगाल, ग्रीस आणि थोडाफार फ्रान्स. दुसरे उत्तर आणि मध्य युरोपातले: स्वीडन, नॉर्वे, जर्मनी, नेदरलँड्स वगैरे. तिसरे अटलांटिकच्या दोन्ही काठांवरचे: ब्रिटन, आयर्लंड, अमेरिका, कॅनडा. घराण्यांची नावे विसरली तरी चालतील, प्रश्न मात्र लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

पहिला प्रश्न वरवर निरुपद्रवी दिसतो, पण पुष्कळसे तिथेच ठरते. स्वीडनमध्ये १६८६ च्या चर्च कायद्याने प्रत्येकाला धर्मग्रंथ वाचता आला पाहिजे असे बंधन घातले. पाद्री घरोघरी जाऊन माणसे वाचतात की नाही ते तपासत. तिथे वर्तमानपत्र निघाले तेव्हा ते वाचणारा शेतकरी आधीच तयार होता. दक्षिण इटलीत वाचायला येणारा वर्ग विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाही लहान होता. त्यामुळे तिथले वर्तमानपत्र शिकल्यासवरलेल्यांनी शिकल्यासवरलेल्यांसाठी काढलेले, राजकारणी आणि संपादक यांच्यातल्या पत्रव्यवहारासारखे राहिले. खप कमी म्हणजे विक्रीतून खर्च निघत नाही. मग तो भरून काढणारा कोणीतरी लागतो, कधी उद्योगपती, कधी पक्ष.

पक्षाने काढलेल्या वर्तमानपत्राचा एक नमुना मला फार आवडतो. ‘लुनिता’ हे अंतोनियो ग्राम्शीने १९२४ मध्ये सुरू केलेले इटलीच्या कम्युनिस्ट पक्षाचे दैनिक. दुसऱ्या महायुद्धानंतर रविवारचा अंक पक्षाचे कार्यकर्ते स्वतः घरोघर फिरून विकत. ज्या इमारतीत अंक द्यायचा तिथे दार ठोठवायचे, दोन जिने चढायचे, आजीची चौकशी करायची, आणि अंकाबरोबर सभेचे निमंत्रणही द्यायचे. याला मुखपत्र म्हणून हिणवणे सोपे आहे. पण तो अंक घेणाऱ्याला तो कोणाचा आहे हे पक्के माहीत होते. फसवणूक कुठेच नव्हती.

फसवणुकीची खरी सोय पुढे आली, ती कायद्याच्या फटीतून. १९७६ मध्ये इटलीच्या घटनात्मक न्यायालयाने खासगी टीव्ही चालवायला परवानगी दिली, पण फक्त स्थानिक पातळीवर. देशभर प्रसारणाचा हक्क रायकडेच राहिला. बांधकाम व्यवसायातून आलेल्या सिल्व्हिओ बेर्लुस्कोनी यांनी त्यावर तोड काढली. देशभरातल्या स्थानिक केंद्रांना एकाच कार्यक्रमाच्या कॅसेट पाठवायच्या आणि सगळीकडे त्या एकाच वेळी लावायच्या. कागदावर सगळी केंद्रे स्थानिक, पडद्यावर मात्र एकच राष्ट्रीय वाहिनी. ऑक्टोबर १९८४ मध्ये तीन शहरांतल्या दंडाधिकाऱ्यांनी हे बेकायदा ठरवून प्रसारण थांबवले. काही दिवसांतच पंतप्रधान बेत्तिनो क्राक्सी यांनी अध्यादेश काढून ते पुन्हा सुरू करून दिले. क्राक्सी आणि बेर्लुस्कोनी यांची मैत्री जगजाहीर होती. दहा वर्षांनी, १९९४ मध्ये, तीन मोठ्या खासगी वाहिन्यांचा हा मालक स्वतः पक्ष काढून काही महिन्यांत पंतप्रधान झाला. आता खासगी वाहिन्या मालक म्हणून त्याच्या आणि सरकारी वाहिन्यांच्या नेमणुकांवरही त्याच्याच बाजूचे वजन. २००२ मध्ये पुन्हा पंतप्रधान असताना त्यांनी बल्गेरियाची राजधानी सोफियामध्ये एन्झो बियाजी, मिकेले सान्तोरो आणि दानिएले लुत्ताझी यांची नावे घेऊन टीका केली, आणि तिघेही रायच्या पडद्यावरून नाहीसे झाले. बियाजी तेव्हा ८१ वर्षांचे होते, इटलीतले सर्वांत मानाचे पत्रकार.

इथवर वाचून कोणालाही वाटेल की पक्ष आणि पत्रकारिता जवळ आली की असेच होणार. मलाही तसेच वाटायचे. नॉर्वेने तो समज मोडला.

नॉर्वेत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पक्षाची वर्तमानपत्रे इटलीपेक्षाही जास्त पसरलेली होती. लहानशा बंदराच्या गावातही मजूर पक्षाचे एक, उजव्या पक्षाचे एक, कधी उदारमतवाद्यांचे तिसरे. संपादक हा अनेकदा पक्षाचा पदाधिकारीच. आणि याच देशात १९३६ मध्ये पत्रकारांनी स्वतःची आचारसंहिता लिहिली. तिचे नाव ‘वेर वारसोम’, म्हणजे ‘जपून रहा’. ती मोठ्या कागदावर छापून वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत भिंतीवर लावली जाई, म्हणून आजही तिला भित्तिपत्रकच म्हणतात. बातमीत ज्याच्यावर आरोप आहे त्याची बाजू त्याच बातमीत आली पाहिजे, मथळा मजकुराच्या पुढे धावता कामा नये, अशी त्यातली कलमे आहेत. तक्रार आली तर पत्रकार आणि सामान्य नागरिक यांची समिती निकाल देते. निकाल विरोधात गेला की ज्या वर्तमानपत्राची चूक, त्यानेच तो ठळकपणे छापायचा. मजूर पक्षाचा संपादक आणि उजव्या पक्षाचा संपादक राजकारणात एकमेकांचे तोंड पाहणार नाहीत, पण या भिंतीवरच्या कागदापुढे दोघेही उभे. बाजू घेणे आणि खोटे लिहिणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्या पत्रकारांनी रोजच्या कामातून दाखवून दिले.

त्याहून नवल वाटते ते पैशाचे. एकाच गावात दोन दैनिके असली की जाहिरातदार मोठ्या खपाच्या दैनिकाकडे जातो. जाहिरात गेली की दुसऱ्याची पाने कमी होतात, पाने कमी झाली की वाचक जातो, आणि एक दिवस दुसरे बंद पडते. मग गावात एकच आवाज उरतो. हे थांबवायला नॉर्वेने १९६९ मध्ये आणि पाठोपाठ स्वीडननेही सरकारी तिजोरीतून वर्तमानपत्रांना मदत सुरू केली, विशेषतः गावातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या दैनिकाला. सरकारी पैसा म्हटले की आपल्या अंगावर काटा येतो. पण तिथे मंत्र्याच्या मर्जीला जागाच ठेवली नाही. खप किती, बाजारातला क्रमांक कितवा, एवढे आकडे पाहून रक्कम ठरायची. मजकुराचा संबंध नाही. त्यामुळे स्वीडनमध्ये समाजवादी लोकशाहीवाद्यांच्या सरकारच्या काळात मोठी मदत मिळवणाऱ्यांत ‘स्वेन्स्का दागब्लादेत’ हे त्यांच्यावर सतत टीका करणारे उजव्या वळणाचे दैनिकही होते.

आता हीच गोष्ट आपल्या जिल्ह्याच्या दैनिकाशी ताडून पाहा. त्याचा कणा म्हणजे सरकारी जाहिराती: निविदा सूचना, योजनांच्या पानभर जाहिराती, १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या शुभेच्छा. नियम, दरपत्रक, यादी सगळे आहे. तरीही कोणाला किती द्यायचे यात वरच्या माणसाच्या हाताला बरीच मोकळीक राहते, आणि नेमकी तीच मोकळीक संपादकाच्या डोक्यात बसून असते. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारी जाहिरातींतल्या नेत्यांच्या छायाचित्रांवर बंधने घातली. राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश एवढ्यांचीच मुभा ठेवली. पुढच्याच वर्षी राज्यपाल, मुख्यमंत्री आणि मंत्र्यांच्या छायाचित्रांनाही परवानगी मिळाली. फोटोवर इतका काथ्याकूट झाला. जाहिरात कोणाला आणि का मिळाली, हा त्याहून मोठा प्रश्न होता. सरकारचा पैसा घेतला का, एवढेच विचारून भागत नाही. तो हक्काने मिळतो की मेहेरबानीने, यावर सगळे आहे.

नेदरलँड्सचा किस्सा वेगळाच. तिथे विसाव्या शतकात समाजच खांबांत वाटलेला होता: कॅथलिक, प्रोटेस्टंट, समाजवादी, उदारमतवादी. ज्याची त्याची शाळा, युनियन, दवाखाना, वर्तमानपत्र, आणि रेडिओसुद्धा. १९३० पासून रेडिओची वेळ या गटांच्या श्रोता संघटनांत वाटून दिली होती. संघटनेचे सभासद वाढले तर पुढे प्रसारणाची वेळही वाढे. आणि कार्यक्रमांचे साप्ताहिक वेळापत्रक छापण्याचा हक्क या संघटनांकडेच असल्याने, आज संध्याकाळी काय लागणार हे बघायला ते साप्ताहिक घेतले की माणूस आपोआप एका खांबाचा सभासद होई. १९५४ मध्ये कॅथलिक बिशपांनी पत्रक काढून श्रद्धाळूंना बजावले की समाजवाद्यांच्या ‘वारा’ या संघटनेचे कार्यक्रम नियमित ऐकणे कॅथलिकांना निषिद्ध आहे. रेडिओचे बटण फिरवणेही पाप ठरू शकत होते! पुढच्या वीस वर्षांत हे खांब झिजत गेले, पण सभासदांच्या संघटनांनी सार्वजनिक टीव्ही चालवायचा ही पद्धत तिथे अजून टिकून आहे.

मला सर्वांत जास्त शिकवले ते जर्मनीने. हिटलरच्या काळात रेडिओ हा सरकारचा भोंगा झाला होता. युद्धानंतर प्रसारण केंद्राच्या हातात ठेवायचे नाही, ते राज्यांकडे द्यायचे असे ठरले. पण १९६० मध्ये चान्सलर कोनराड आडेनाउअर यांनी केंद्राच्या ताब्यातली दुसरी टीव्ही कंपनी स्थापन केली. राज्यांनी तिच्यात भाग घ्यायला नकार दिला. लोक तिला ‘आडेनाउअर टीव्ही’ म्हणू लागले. राज्ये न्यायालयात गेली आणि २८ फेब्रुवारी १९६१ रोजी घटनात्मक न्यायालयाने ती कंपनी घटनाबाह्य ठरवली. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे, की प्रसारण सरकारच्याही हाती असता कामा नये आणि समाजातल्या कोणत्याही एका गटाच्याही नाही. त्याच वर्षी राज्यांनी करार करून ‘झेडडीएफ’ ही वाहिनी उभी केली आणि १९६३ मध्ये ती सुरू झाली.

मग खुर्चीवर माणूस बसवणार कोण? त्यासाठी जर्मनीने प्रसारण परिषदा केल्या. त्यांत पक्ष असतात, राज्य सरकारे असतात, आणि त्यांच्या शेजारी दोन्ही चर्चचे, ज्यू समाजाच्या मध्यवर्ती परिषदेचे, कामगार संघटनांचे, उद्योजकांचे, क्रीडा महासंघाचे, निसर्गप्रेमींचे प्रतिनिधी. आपल्याकडच्या शब्दांत सांगायचे तर गावकी बसवली.

गावकीतही पुढारी शिरतातच. २००९ मध्ये झेडडीएफचे मुख्य संपादक निकोलाउस ब्रेंडर यांचा करार वाढवायचा होता. प्रशासकीय मंडळातल्या एका मोठ्या पक्षाच्या गटाने, हेसेचे मुख्यमंत्री रोलांड कोख यांच्या पुढाकाराने, तो वाढू दिला नाही. देशभर ओरड झाली. प्रकरण घटनात्मक न्यायालयात गेले आणि २०१४ मध्ये निकाल आला: सरकार आणि पक्ष यांच्याशी जोडलेले सदस्य एकतृतीयांशापेक्षा जास्त नकोत. परिषद नव्याने बांधावी लागली. ब्रेंडर यांना नोकरी परत मिळाली नाही, पण पुढच्या संपादकासाठी नियम बदलून गेला.

पैशाचीही गोष्ट तशीच. जर्मनीत प्रत्येक घर दरमहा १८.३६ युरो प्रसारण वर्गणी भरते. रक्कम किती हवी याची शिफारस स्वतंत्र आयोग करतो आणि राज्यांच्या विधिमंडळांनी ती मान्य करायची असते. आधी ती १७.५० होती. २०२० च्या अखेरीस एका राज्याने, साक्सन-आन्हाल्टने, ८६ सेंटची वाढ अडवून धरली. सोळांपैकी एक राज्य, ८६ सेंट! तेवढ्यावरून प्रकरण पुन्हा घटनात्मक न्यायालयात, आणि २०२१ मध्ये न्यायालयाने वाढ लागू केली, कारण पैसा रोखून कार्यक्रमांवर दबाव आणण्याची वाट उघडी राहता कामा नये. आता अमेरिकेकडे पाहा. तिथे १९६७ च्या कायद्याने सार्वजनिक रेडिओ-टीव्हीला केंद्राची मदत सुरू झाली, पण नळ काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, हातात राहिला. जुलै २०२५ मध्ये काँग्रेसने आधी मंजूर केलेले सुमारे १.१ अब्ज डॉलर मागे घेतले, आणि ते पैसे वाटणारे महामंडळ गुंडाळायची वेळ आली. सर्वांत मोठा फटका खेड्यापाड्यांतल्या लहान केंद्रांना.

अमेरिका आणि ब्रिटन हे एकाच घराण्यात घातले आहेत, पण माझ्या मते ते सख्खे भाऊ नव्हेत. ब्रिटनमध्ये कागद आणि पडदा यांना दोन वेगळे कायदे आहेत. टीव्ही आणि रेडिओच्या बातम्या निःपक्षपाती असल्या पाहिजेत हे कायदेशीर बंधन खासगी वाहिन्यांवरही आहे. वर्तमानपत्रे मात्र उघड बाजू घेतात. १९९२ ची निवडणूक हुजूर पक्षाने जिंकल्यावर ‘द सन’ने पहिल्या पानावर ती आपणच जिंकून दिली असे लिहिले, आणि १९९७ मध्ये हेच वर्तमानपत्र मजूर पक्षाच्या टोनी ब्लेअर यांच्या मागे उभे राहिले. वाचक एका हाताने ‘सन’ वाचतो आणि संध्याकाळी बीबीसी लावतो, असा तिथला तोल आहे.

अमेरिकेत हा तोल १९८७ मध्ये सुटला. तिथे १९४९ पासून परवानाधारक रेडिओ-टीव्हीने वादग्रस्त विषयाच्या दोन्ही बाजू दाखवाव्यात असा नियम होता. रोनाल्ड रेगन अध्यक्ष असताना नियामक आयोगाने तो काढून टाकला. लवकरच एकतर्फी राजकीय रेडिओ कार्यक्रमांचे पेव फुटले आणि १९९६ मध्ये फॉक्स न्यूज ही उजवीकडे झुकलेली केबल वृत्तवाहिनी सुरू झाली. केबलला तो नियम तसाही थेट लागू नव्हता, त्यामुळे सगळा दोष त्या एका निर्णयावर घालणे मला पटत नाही. पण एक गंमत पाहा. २००४ च्या सुमारास अनेकांना वाटत होते की जगातली माध्यमे हळूहळू अमेरिकेसारखी होतील, म्हणजे व्यापारी पण पक्षांपासून अंतर राखणारी. झाले उलटेच. आज कोणती वाहिनी लागली आहे यावरून घर कोणत्या पक्षाचे ते अमेरिकेत ओळखता येते, जुन्या इटलीसारखे.

महाराष्ट्राला या तीनपैकी कुठल्या घराण्यात बसवायचे? मला विचाराल तर जन्माने आपण इटलीच्या जवळचे. ‘केसरी’ १८८१ मध्ये निघाला तो लढण्यासाठी. आचार्य अत्र्यांचा ‘मराठा’ १९५६ मध्ये निघाला तो संयुक्त महाराष्ट्रासाठी. ‘सामना’ निघाला तो शिवसेनेचे मुखपत्र म्हणून, आणि ‘लोकमत’ समूह उभारणारे जवाहरलाल दर्डा काँग्रेसचे मंत्री होते. यातले काहीच लपलेले नव्हते, आणि चळवळीच्या पोटी जन्मलेल्या पत्रकारितेची मला लाज वाटत नाही. उणीव दुसरीकडे आहे. नॉर्वेतल्या त्या भिंतीवरच्या कागदासारखे, ज्यापुढे सगळ्या पक्षांचे संपादक उभे राहतील, असे काही आपण बांधले नाही. भारतीय प्रेस परिषद आहे. ती ताशेरे ओढू शकते, दंड करू शकत नाही, आणि टीव्ही तिच्या कक्षेतच नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता असल्याचा निकाल दिला. त्याला ३० वर्षे होऊन गेली, तरी खासगी एफएम केंद्राला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीचीच बातमीपत्रे लावता येतात. प्रसार भारतीचा कायदा १९९० चा, अमलात आला १९९७ मध्ये, आणि तिथला खर्च आजही मुख्यतः केंद्राच्या अनुदानातून भागतो. जर्मनीच्या त्या ८६ सेंटच्या भांडणाशेजारी हे ठेवले की मला फार वाईट वाटते.

मोजणीचा दगड कुठे रोवला आहे ते पाहायची एक जागा मात्र आपल्याकडे होती. प्रत्येक वर्तमानपत्राने दरवर्षी फेब्रुवारी संपल्यानंतरच्या पहिल्या अंकात मालकीचे विवरणपत्र छापायचे, असा १८६७ च्या कायद्याखालचा नियम. ‘फॉर्म ४’ म्हणून आतल्या एखाद्या पानाच्या कोपऱ्यात, बारीक टाइपात, तो चौकोन यायचा: मुद्रक, प्रकाशक, संपादक, आणि भांडवलात एक टक्क्याहून जास्त वाटा असलेल्यांची नावे. आमच्या वाचनालयात जुने अंक बांधून ठेवलेले आहेत. मार्चचा गठ्ठा काढून मी तो चौकोन शोधतो, आणि मग त्याच गठ्ठ्यात निवडणुकीच्या बातम्या कशा छापल्यात ते वाचायला बसतो.